द्राक्षाच्या पेटीचा माग लागतो, गोळ्यांच्या पट्टीचा का लागत नाही?

तासगाव तालुक्यातून युरोपला गेलेली द्राक्षाची पेटी तिकडच्या एखाद्या गोदामात उघडली गेली आणि तपासणाऱ्याला शंका आली, तर ती पेटी कोणत्या बागेतून आली हे शोधता येते. कृषी खात्याकडे नोंदलेल्या प्लॉटचा क्रमांक, नमुना तपासणारी प्रयोगशाळा, फवारलेल्या औषधांच्या अंशाचा अहवाल, माल भरलेले पॅकहाऊस, अशी सगळी साखळी संगणकावर उलगडते. अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ साली 'ग्रेपनेट' सुरू केले, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. अहवाल नापास झाला तर त्या प्लॉटचा माल युरोपसाठी पुढे सरकतच नाही. 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात देणाऱ्या आपल्या तालुक्यात हे सगळे आता शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते, कारण घराघरात कुणीतरी बागेत, पॅकिंगला किंवा बेदाण्याच्या शेडवर कामाला असते.

आता त्याच घरातली आजी सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीपाशी उभी आहे असे समजा. तिच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पडते. खासगी मेडिकलमधून घेतली असती तर बिलावर बॅच नंबर आणि मुदत छापून आली असती. इथे केसपेपरवर एक खूण होते आणि पट्टी हातात येते. उद्या त्या बॅचमध्ये खोट निघाली, तर ती कुणाकुणाच्या घरी गेली हे सांगणार कोण? तालुक्यातली द्राक्षे खाणारा परदेशी माणूस आपल्या आजीपेक्षा जास्त सुरक्षित का, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो.

याचे नेहमीचे उत्तर 'सरकारकडे पैसा नाही' किंवा 'आपल्याकडे तंत्रज्ञान नाही' असे असते. दोन्ही अर्धवट आहेत. राज्याच्या आरोग्य खात्यात औषधसाठ्यासाठी सी-डॅकने बनवलेली 'ई-औषधी' प्रणाली वापरली जाते. म्हणजे संगणक आहे आणि औषधे समजणारा फार्मासिस्टही आहे. या दोघांमध्ये बोलणे मात्र नाही. औषध ज्याला कळते त्याला संगणकावरचा पडदा बदलण्याचा अधिकार नाही, आणि पडदा ज्याच्या हातात आहे त्याने औषधाची खिडकी क्वचितच पाहिलेली असते. माझ्या मते सरकारी आणि खासगी दोन्हीकडे रुग्णाचे सर्वात जास्त नुकसान या न झालेल्या बोलण्यामुळे होते, आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

द्राक्षांच्याच गोष्टीत थोडे आणखी थांबू, कारण तिच्यात एक महागडा धडा आहे. २०१० च्या हंगामात भारतातून गेलेल्या द्राक्षांत युरोपमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडले आणि माल अडकला. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ते वाढनियंत्रक म्हणून चांगले माहीत होते. सगळी यंत्रणा असताना असे कसे झाले? नमुने काढले होते, प्रयोगशाळांनी तपासले होते, संगणकाने पास केले होते. पण कोणकोणते रसायन तपासायचे त्या यादीत क्लोरमेक्वॅटचे नावच नव्हते. जे यादीत नाही ते संगणकाला दिसत नाही. दलाल बुडाले, बागायतदार कर्जात गेले, आणि मग यादी दुरुस्त झाली. बागेत काय फवारले जाते हे शेतकऱ्याला ठाऊक होते. यादी करणाऱ्याने त्याला आधी विचारले असते तर?

रुग्णालयातही सगळा खेळ यादीचाच आहे. औषधांची मूळ यादी, जिला संगणकवाले 'ड्रग मास्टर' म्हणतात, ती एकदा प्रणालीत भरली जाते आणि पुढे सगळे तिच्यावर चालते. डॉक्टर त्यातूनच औषध निवडतो, स्टोअरचा साठा त्यावरच मोजला जातो, मागणी त्यावरूनच वर जाते. ही यादी भरणारा बहुधा कंत्राटी ऑपरेटर असतो. त्याच्यासमोर एक्सेलची फाइल असते आणि संध्याकाळपर्यंत काम संपवायचे असते.

साधी गोष्ट घ्या. साठा पट्टीत मोजायचा की गोळीत? कंपनीकडून माल खोक्यात येतो, खोक्यात पट्ट्या, पट्टीत दहा किंवा पंधरा गोळ्या. डॉक्टर लिहितो गोळ्या. यादीत एकक 'पट्टी' पडले असेल आणि खिडकीवरच्या माणसाने 'सहा' टाकले, तर संगणकाच्या हिशोबाने साठ गोळ्या गेल्या. महिनाअखेर पडद्यावर साठा शून्य आणि कपाट भरलेले. किंवा याच्या उलट होते. पडद्यावर भरपूर साठा दिसतो, वरचे साहेब म्हणतात मागणी कशाला करता, आणि खिडकीवर रुग्णाला 'बाहेरून आणा' ऐकावे लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ज्या बाईने त्या भरवशावर रोजगार बुडवून एसटीने तालुक्याला यायचे, तिच्यासाठी 'बाहेरून आणा' म्हणजे दोन दिवसांची मजुरी. हे भ्रष्टाचारामुळेच झाले असेल असे नाही. एकक चुकल्यामुळेही होऊ शकते.

आता जिवाशी येणारे उदाहरण. आपल्याकडे इन्सुलिन दोन शक्तींत मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे आणि १०० युनिटचे. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, पहिलीचे टोपण लाल आणि दुसरीचे केशरी. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले तर डोस अडीचपट होतो. मधुमेहाच्या माणसाची साखर घसरून तो बेशुद्ध पडायला एवढे पुरे आहे. कोणत्याही फार्मासिस्टला हे झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. पण यादी 'स्वच्छ' करायला बसलेल्या संगणकाच्या माणसाला दोन ओळींत 'इन्सुलिन रेग्युलर' दिसते. एकच नाव दोनदा आले असे समजून तो एक ओळ काढतो. त्याच्या कामाच्या दृष्टीने त्याने चूक केलेली नसते. त्याला कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

मेथोट्रेक्सेटचेही तसेच. सांधेवाताला ही गोळी आठवड्यातून एकदा देतात. रोज घेतली तर माणूस मरू शकतो आणि जगभरात असे मृत्यू झालेले आहेत. पडद्यावर औषध निवडले की 'रोज एकदा' आपोआप येत असेल तर तो पडदाच धोकादायक आहे. अमेरिकेतली आयएसएमपी ही औषध-सुरक्षेची संस्था २०१४ पासून सांगते आहे की या गोळीपुढे आपोआप 'आठवड्यातून एकदा' आले पाहिजे. हा बदल करायला संगणकाच्या माणसाला फार वेळ लागत नाही. त्यासाठी कुणीतरी त्याच्यापाशी जाऊन सांगावे लागते आणि त्याने ते ऐकण्याची काही रीत असावी लागते.

ही रीत नसली की काय होते ते मी पाहिले आहे. जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी तीन वर्षे औषध काउंटरवर होतो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. तिथे पडद्याबद्दल काही तक्रार असेल तर 'तिकीट टाका' म्हणत. तिकीट टाकण्याच्या फॉर्ममध्ये 'प्रिंटर चालत नाही', 'पासवर्ड विसरला', 'इंटरनेट नाही' असे पर्याय होते. 'औषधाची माहिती चुकीची आहे' असा पर्याय नव्हता. म्हणून आम्ही 'इतर' निवडायचो, आणि 'इतर' सगळ्यात शेवटी उघडले जायचे. एका लहान मुलांच्या सिरपची मात्रा चुकीची दिसत होती, ती दुरुस्त व्हायला अकरा आठवडे लागले. तोवर आम्ही मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती: 'हे सिरप देताना बाटली वाचा'. लाखो रुपयांची प्रणाली आणि तिची चूक सावरणारी दोन रुपयांची चिठ्ठी! रात्रपाळीला नवीन मुलगी आली की पहिल्यांदा तिला चिठ्ठ्या वाचायला सांगायचो, मग लॉगिन शिकवायचो.

आयटीवाल्या पोरांची बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या रुग्णालयात त्यांची खोली बहुधा तळघरात किंवा जिन्याखाली. एकाच माणसाने सीसीटीव्हीही बघायचे, बिलिंगही, डॉक्टरसाहेबांच्या मुलाचा लॅपटॉपही. फार्मसीतून फोन आला की तो ओरडणाराच असतो. 'सॉफ्टवेअर बोगस आहे' यापलीकडे काय बोगस आहे हे आम्ही तरी त्यांना कधी शांतपणे सांगितले? ग्रामीण रुग्णालयात तर आयटी विभाग नावाची खोलीच नसते. तिथे आयटी विभाग म्हणजे एक फोन नंबर आणि फार तर अकरा महिन्यांच्या कराराची वाट पाहणारा एक ऑपरेटर. त्या ऑपरेटरला वाटले की यादीत गडबड आहे, तरी तो कुणाला सांगणार? नोकरी टिकवायची असेल तर दिलेले भरायचे, हे तो पहिल्याच महिन्यात शिकतो.

हे गरीब जिल्ह्याचे रडगाणे आहे असे वाटत असेल तर अमेरिकेतली एक घटना पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ साली एका १६ वर्षांच्या मुलाला सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस. मुलाला झटका आला, सुदैवाने तो वाचला. पुढे त्याच विद्यापीठातले डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ च्या 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात ही सगळी साखळी उघड केली, आणि रुग्णालयाने त्यांना अडवले नाही. आपल्याकडे असे होईल का, हा वेगळा विषय.

झाले असे. मुलाचे वजन ४० किलोपेक्षा थोडे कमी होते, म्हणून रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे डोस दर किलोला इतके मिलिग्रॅम असा लिहायचा होता. डॉक्टरने तसा लिहिला. हिशोबाने १९३ मिलिग्रॅम आले, गोळी मिळते १६० ची. फार्मसीचा नियम असा की पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर डॉक्टरकडून पुन्हा लिहून घ्यायचे. फार्मासिस्टने नियम पाळला आणि निरोप पाठवला. डॉक्टरने पुन्हा पडदा उघडला आणि १६० टाकले. पण पडदा अजून 'दर किलोला' वर होता. १६० गुणिले वजन, सहा हजार मिलिग्रॅमच्या वर. संगणकाने इशारा दिला. पण तो इशारा किरकोळ फरकाला येणाऱ्या इशाऱ्यासारखाच दिसत होता, आणि असे इशारे दिवसभर येतच असतात. डॉक्टरने बंद केला. फार्मासिस्टकडेही इशारा आला, त्यानेही बंद केला. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजून भरल्या. नर्सला आकडा विचित्र वाटला, पण बारकोडने 'बरोबर' म्हटले.

यात आळशी कोण होते? माझ्या मते कुणीच नाही. पाच टक्क्यांचा नियम फार्मसीच्या बाजूने शहाणपणाचा होता. वजनावरून डोस ही व्यवस्था संगणकाच्या बाजूने शहाणपणाची होती. दोन शहाणपणे वेगवेगळ्या खोल्यांत तयार झाली आणि त्यांचा सापळा एका मुलाभोवती पडला. एकत्र बसून कुणी 'फार्मासिस्टने परत पाठवल्यावर पडद्यावर नेमके काय दिसते?' एवढे करून पाहिले असते तर ही भेग आधी दिसली असती.

त्याच्याही आधी, २००५ साली, पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या प्रणालीवरचा अभ्यास 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. संगणकाने औषधाच्या चुका कमी होतात अशी सगळ्यांची खात्री असताना त्या अभ्यासाने संगणकामुळेच होऊ शकणारे चुकांचे २२ प्रकार दाखवले. त्यातला एक मला फार बोलका वाटतो. पडद्यावर औषधाच्या ज्या मात्रा दिसत, त्या फार्मसीच्या कपाटात कोणत्या ताकदीची गोळी ठेवली आहे यावरून आलेल्या होत्या. डॉक्टरांना वाटे, हाच नेहमीचा किंवा कमीत कमी डोस. कपाटातल्या साठ्याची सोय डॉक्टरला सल्ला वाटू लागली. फार्मसी आणि आयटी एकमेकांना काय समजतात हे न विचारता कामाला लागले की असे होते.

आता आपल्या घराजवळ येऊ. आपल्या समाजातल्या रुग्णांना या न-बोलण्याचा चटका जरा जास्त बसतो, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. पहिला प्रश्न नावाचा. शेख हे आडनाव इंग्रजीत कुठे 'ए-आय' घालून, कुठे 'डबल ई' ने, कुठे शेवटचा 'एच' गाळून लिहिले जाते. मोहंमदचे आधारकार्डावर 'एमडी' होते, आणि रुग्णालयात एमडी म्हणजे डॉक्टर! मुल्ला आणि मुलाणी यांत घाईच्या वेळी एका अक्षराचे अंतर. मुजावर, तांबोळी, शिकलगार, नदाफ यांचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे. नावाने शोधले की संगणकाला जुना रुग्ण सापडत नाही, मग नवी नोंद. एका माणसाच्या तीन नोंदी, आणि त्याला सल्फाची अॅलर्जी आहे हे त्यातल्या एकाच नोंदीत लिहिलेले. किंवा त्याहून वाईट, दोन सलीम शेख एकाच नोंदीत.

खिडकीवरचा जुना माणूस हे कसे सोडवतो? 'कुणाची गं तू? दर्ग्यामागच्या मुजावरांची का? आणि अब्बांचं बीपी कसं आहे?' एवढ्यावर त्याला सगळे कळते. हे ज्ञान त्याच्या डोक्यात आहे, तो निवृत्त झाला की जाईल. संगणकात ते आणायचे तर सोपे उपाय आहेत. नावाऐवजी नंबरने शोधायचे. २०२१ पासून देशभर सुरू झालेला १४ अंकी आभा क्रमांक त्यासाठी वापरता येतो. नाव देवनागरीतही नोंदवायचे, म्हणजे स्पेलिंगचा घोळ निम्म्याने मिटतो. औषध देताना नाव आणि जन्मसाल दोन्ही तोंडी विचारायचे. पण कोणत्या मोहल्ल्यात कोणती नावे सारखी येतात हे आयटीच्या माणसाला फार्मासिस्टनेच सांगावे लागेल. पुण्या-मुंबईत बसलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला ते स्वप्नातही सुचणार नाही.

दुसरा प्रश्न रमजानचा. प्रणाली चिठ्ठी छापते: सकाळी एक, दुपारी शून्य, रात्री एक. रोजा धरणाऱ्या मधुमेहाच्या माणसाला ही 'सकाळ' म्हणजे सहेरी की नऊ वाजता? गोळी कोणती आहे त्यावर उत्तर बदलते. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर एकदम घसरते. त्यांचा डोस डॉक्टरने रमजानच्या आधीच बदलून द्यायला हवा, आणि काही रुग्णांनी रोजा धरूच नये. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने यासाठी २०१६ मध्ये आणि सुधारून २०२१ मध्ये मार्गदर्शिकाही काढली. आपल्याकडचा फार्मासिस्ट पट्टीवर पेनने 'इफ्तारनंतर' लिहितो आणि वेळ भागवतो. पडद्यावर त्यासाठी जागा नाही, म्हणून डॉक्टरला ते पुढच्या भेटीत दिसत नाही.

'उपवास किंवा रोजा धरता का?' अशी एक चौकट पडद्यावर हवी, अशी माझी मागणी आहे, आणि ती फक्त मुसलमानांसाठी नाही. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करणारी शेजारची काकू, एकादशी न चुकवणारे वारकरी आजोबा, पर्युषणात उपवास करणारे जैन व्यापारी, यांच्या इन्सुलिनचा प्रश्न तोच आहे. आपण आपल्या अनुभवावरून मागणी करायची आणि तिचा फायदा गावाला व्हायचा, यात मला तरी नागरिक असण्याचा चांगला अर्थ दिसतो.

सगळे संगणकावर गेले आणि संगणकच बंद पडला तर? २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले सर्वात नावाजलेले रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदावर आले. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली एचएमआयएस प्रणाली सरकार आणि कंत्राटदार यांच्या वादात थांबली. तिथे कुठल्या हॅकरची गरज पडली नाही. रुग्णांच्या जुन्या नोंदी डॉक्टरांसमोरून गेल्या, पुन्हा वह्या निघाल्या. सांगली जिल्ह्याने २०१९ चा महापूर पाहिला आहे, तेव्हा वीज आणि नेटवर्क जाणे म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको. म्हणूनच खिडकीवरचा फार्मासिस्ट जुनी वही सोडायला तयार नसतो. त्याला 'जुन्या वळणाचा' म्हणून हसणाऱ्यांनी आधी सांगावे की सर्व्हर गेल्यावर कोणत्या छापील फॉर्मवर औषध द्यायचे, आणि सर्व्हर आल्यावर त्या नोंदी कुणी भरायच्या. हे दोन्ही विभागांनी शांत दिवसात बसून ठरवायचे असते.

काही जण म्हणतील, प्रत्येक तालुक्याच्या फार्मासिस्टला यादी बदलू दिली तर राज्यात छत्तीस याद्या होतील. हा आक्षेप खरा आहे. यादी राज्याची एकच असावी. पण एकच यादी असणे आणि तिच्यातली चूक कळवायला रस्ता नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्राक्षांची यादीही देशाला एकच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा तिची देखरेख करते, आणि २०१० नंतर बागेतली माहिती तिच्यापर्यंत पोचणे सगळ्यांनाच गरजेचे वाटू लागले. तिथे माल अडवणारा गिऱ्हाईक होता आणि त्याच्याकडे युरो होते. सरकारी खिडकीवरचा गिऱ्हाईक पट्टी परत करून 'ही चालणार नाही' म्हणू शकत नाही. आणि औषध खरेदीचे दार तर राज्याने दोनदा बदलले. २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण आले. दार बदलताना खिडकीवरच्या माणसाला पडद्याबद्दल कुणी काही विचारले असेल, असे मला वाटत नाही.

इथे तुमचा संबंध येतो. आपल्या मोहल्ल्यांत बारावी सायन्सनंतर डी. फार्म. करणारी मुले भरपूर आहेत, कारण दोन वर्षांत हाताला काम मिळते. बीसीए, बीसीएस करणाऱ्या मुलीही भरपूर आहेत. कित्येक घरांत भाऊ मेडिकलमध्ये आणि बहीण डेटा एन्ट्रीला. दोघे रात्री एका दस्तरख्वानवर जेवतात, पण एकाचे काम दुसऱ्याला कळत नाही. भावाने बहिणीला आपली खिडकी दाखवावी, बहिणीने त्याला यादी कशी बनते ते दाखवावे. औषध आणि संगणक दोन्ही थोडे थोडे समजणारी माणसे मोठ्या रुग्णालयांना हवी असतात आणि मिळत नाहीत. डी. फार्म. म्हणजे मेडिकलचे लायसन्स भाड्याने देणे, हा समज आपल्यात फार पसरला आहे. ते बेकायदा तर आहेच, शिवाय स्वतःच्या शिक्षणाचा अपमान आहे.

आणि जे या नोकऱ्यांत नाहीत त्यांनी नागरिक म्हणून विचारावे. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पंखे यांवर चर्चा होते, औषधाच्या पडद्यावरही व्हायला हरकत नाही. तिथे उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्ज मराठीत चालतो, शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. अर्जात 'भ्रष्टाचार थांबवा' लिहू नका, कागद मागा. औषधांच्या यादीत शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला आणि त्यावर औषध निर्माण अधिकाऱ्याची सही आहे का? गेल्या वर्षभरात खिडकीवरून प्रणालीबद्दल किती लेखी तक्रारी गेल्या आणि किती निकाली निघाल्या? सर्व्हर बंद असताना औषध कसे द्यायचे याचा लेखी आदेश असेल तर त्याची प्रत द्या. अर्जाची पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे करायचे असते, त्याला शुल्काचा वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अर्ज लिहिताना एकदा खिडकीवरच्या फार्मासिस्टलाही भेटून घ्या. तुम्ही त्याच्याविरुद्ध लिहीत नाही हे त्याला आधी कळले, तर कोणता कागद मागायचा हे तोच तुम्हाला नीट सांगेल.